रबराच्या झाडाखालची अळंबी

आमची झाडं गॅलरीत नव्हती, घरात होती. पाहुण्यांना याचं नवल वाटायचं, पण भिवंडीत यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, शेडला पाठ लावून राहणाऱ्यांना ते समजावून सांगावं लागत नसे. गॅलरीत काही ठेवलं की दोन दिवसांत त्याच्यावर कापसाच्या तंतूंची साय धरायची. दोन तुळशी आणि एक मोगरा असा गुदमरून गेल्यावर आईनं बाहेरचा नाद सोडला आणि घराचंच रान केलं. कपाटावरून मनीप्लांट खाली लोंबायचं. टीव्हीशेजारी ठिपक्यांच्या पानांचं एक झाड होतं, त्याचं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मोरीच्या दाराशी क्रोटन, आणि खिडकीखाली, रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात, माझ्या खांद्याएवढं रबराचं झाड. दोन खोल्यांत माणसं तीन आणि झाडं चौदा. दर रविवारी आई ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायची, लहान मुलाचे कान पुसावेत तशी, मागून-पुढून. बाबा शाळेत मास्तर होते, रविवारी ते पेपरातून डोकं काढत नसत. आतूनच म्हणायचे, "पानं झाली की माझा चष्मा पण पूस."

लूमचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे. म्हणजे तो असायचाच, डोळे उघडायच्या आधीपासून असायचा. फडताळातल्या स्टीलच्या वाट्या त्याच्या ठेक्यावर एकमेकींना लागून किणकिणत, तांब्यातल्या पाण्यावर बारीक गोल उठत. पण कान तो धरतच नसत. ऐकू यायचा तो बंद पडल्यावर. लाइट गेली की सगळ्या शेडमधले माग एकदम थांबत, आणि आपण इतका वेळ किती ओरडून बोलत होतो हे कळून जो तो गप्प व्हायचा. मी आता डोंबिवलीला राहते, चौथ्या मजल्यावर, समोर शाळेचं मैदान आहे. फोनवर बोलायला लागले की माझा मुलगा दार लावून घेतो. त्याला वाटतं मी रागावले आहे. मी फक्त भिवंडीत बोलत असते.

घरातल्या झाडांना माती कमी आणि कापूस जास्त, असा प्रकार होता. त्याचं श्रेय शमीमचाचीला. चाची आमच्या इमारतीच्या मागे, शेडला लागून असलेल्या एका खोलीत राहायची. तिचा नवरा त्याच शेडमध्ये लूम चालवायचा, दोन लहान मुली होत्या. आईनं तिला एकदा मनीप्लांटची फांदी बाटलीत लावून दिली, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं. मागाखालून झाडून काढलेला कापसाचा कचरा, ज्याला सगळे नुसतं 'वेस्ट' म्हणत, तो चाची गोणीत भरून आणून द्यायची. "ले बाजी, तेरे जंगल के लिए." आई तो वेस्ट भिजवून डब्यांच्या तळाला दाबायची, वर चार बोटं माती. डबे हलके राहत, चार दिवस पाणी घातलं नाही तरी ओल टिके. पुढे जे झालं त्याची गादी अशी आईनं स्वतःच्या हातानं घातली होती, हे तेव्हा तिला किंवा मला कळायचं काही कारण नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे आजा राहायला आला. आजा म्हणजे आईचे वडील. आमच्या आगरी घरात आजोबाला आजाच म्हणतात, आणि अरेतुरेच करतात. त्याचं गाव राहनाळच्या पुढे. आयुष्यभर भात लावलेलं त्याचं शेत मामानं गोदामाला दिलं होतं. मामानं काही चोरून केलं नव्हतं, आज्याचा अंगठाही त्या कागदावर होता. पण नव्या बंगल्याच्या खिडकीतून शेताच्या जागी ट्रक मागे घेताना दिसायचे. आजी गेल्यावर आजा त्या खिडकीशी बसेनासा झाला, मग जेवेनासा झाला. आई जाऊन त्याला घेऊन आली. तो आला एका पिशवीत दोन धोतरं, एक कोयता आणि तंबाखूची डबी घेऊन. आला, आणि खुर्चीत बसला. भिंतीकडे तोंड करून, कारण आमच्या खिडकीतूनही पत्रेच दिसायचे. दोन मजले उतरून खाली जायचं त्यानं नावच काढलं नाही. आई त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, जवळा कांद्यात परतून त्याचा वास जिन्यापर्यंत पोचवायची. तो अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचा. "बाबा, अजून थोरी घे ना," ती गावाच्या बोलीत म्हणायची. "भूक न्हाय गो." एवढंच. बाबा रात्री मला म्हणाले, "आज्याशी बोलत जा." पण काय बोलायचं? मी सातवीत होते. मी त्याला भूमितीचा पेपर कसा गेला ते सांगितलं. त्यानं मान हलवली.

पावसाळा मध्यावर आला होता, भिंतींना ओल चढली होती आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास घरभर होता. एके सकाळी दात घासता घासता मी मनीप्लांटच्या कुंडीत पाहिलं आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. कुंडीत पिवळ्या छत्र्या उभ्या होत्या. पिवळ्या म्हणजे लिंबाच्या सालीसारख्या. सात. सगळ्यांत मोठी माझ्या करंगळीएवढी, धाकटी काडेपेटीच्या काडीएवढी, आणि प्रत्येकीवर बारीक कोंडा भुरभुरल्यासारखा. आदल्या संध्याकाळी तिथं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकत होते, कारण पाणी मीच घातलं होतं. मी ब्रशसकट ओरडले. आई पोळपाट सोडून आली, बाबा अर्धी दाढी करून आले.

"कुत्र्याच्या छत्र्या," बाबा म्हणाले. "कुंडी बाहेर टाक. विषारी असतात या."

"झाड कशाला टाकायचं? छत्र्या काढून टाकते," आई म्हणाली, पण काढायला तिचा हात होईना. ती गुडघ्यांवर बसून बघतच राहिली. "काय रंग आहे बघा तरी. मी एवढी वर्षं झाडं लावते, मला न विचारता आलेलं हे पहिलंच."

त्याच वेळी मागून खुर्ची करकरली. आजा उठला होता. सकाळची मोरी सोडली तर तो आपण होऊन खुर्चीतून उठलेला मी पाहिलाच नव्हता. तो आला, भिंतीला हात टेकून वाकला, एक छत्री दोन बोटांत धरून उपटली, उलटी केली, नाकाशी नेली.

"ही खायाची न्हाय," तो म्हणाला. मग कुंडीतल्या बाकीच्या बघून, "पन झाराला काय करत न्हाय ही. ऱ्हाऊ दे."

"आज्या, तुला कसं कळलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी घरात आहे हे त्याला आत्ता कळल्यासारखं. "तुज्या आयेच्या वयाचा होतो तवा एका पावसात चार पाट्या अलंबी आनलेली मी. बांदावरची येगली, वारुलाची येगली, पेंड्याची येगली." आणि तो बोलत सुटला. वारुळाची अळंबी कशी एका रात्रीत येते आणि ज्याला दिसते तो ती जागा पोटच्या पोरालाही सांगत नाही. भाताच्या जुन्या पेंढ्याच्या ढिगात कशी अंडी दिसतात, आणि अंडं फोडून टोपी बाहेर येते. आई दाराला टेकून ऐकत होती. चपाती तव्यावर जळाली.

त्या दिवसापासून मी शाळेतून येऊन दप्तर फेकायची ती थेट कुंड्यांकडे. पिवळ्या छत्र्या दोन दिवसांत माना टाकून गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. मी त्यांची चित्रं काढली, पट्टीनं उंची मोजली. आजा खुर्ची भिंतीकडून फिरवून झाडांकडे तोंड करून बसू लागला. बाबांनी हे पाहिलं आणि कुंडी टाकायचा विषय पुन्हा काढला नाही.

मग रबराच्या झाडाची पाळी आली. त्याच्या डब्यात वेस्ट सगळ्यांत जास्त होता, आणि खिडकीखाली असल्यानं दमट गरमीही. मी माती चाचपत होते आणि बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. राखाडी अंडं. कबुतराच्या अंड्याहून लहान, मऊ, निम्मं कापसात रुतलेलं. बाजूला दुसरं. तिसरं. मी हाक मारली तसा आजा जवळजवळ धावलाच. त्यानं अंड्याला हात लावला नाही. जमिनीवर मांडी घालून बसला, डोळे डब्यात.

"पेंड्याची," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दर्शे, ही पेंड्याची हाय. आरं, हितं कशी आयली? पेंडा कुठं हाय हितं?"

"पेंढा नाही, कापूस आहे खाली," मी म्हटलं.

त्याला हसू आलं. दात कमी होते त्याचे, पण हसू भरपूर होतं. "कापूस खाऊन आयली," तो म्हणाला, आणि आईला हाका मारायला लागला, जशी काही ती दुसऱ्या गावात होती. मला आता वाटतं, त्याच्या शेतातली एक गोष्ट त्याचा पत्ता शोधत आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली, असं त्याला वाटलं असावं. पण तो असं काही बोलला नाही. तो म्हणाला, "मीठ-मसाला हाय ना घरान?"

एवढ्यानं काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी अंडी फुटली, टोप्या उघडल्या, आणि आज्यानं मला शेजारी बसवून एकेक दाखवली. देठाच्या बुडाशी फाटलेल्या अंड्याची पिशवी. टोपी उलटी केली की खाली पुस्तकाच्या पानांसारख्या पट्ट्या, आणि उमलून गेली की त्या पट्ट्या गुलाबी. "हा रंग बग. पान्यात मिसललेल्या कुंकवासारका. पांडऱ्या रायल्या तर हात लावायचा न्हाय. आनि शंका आयली तरी न्हाय. भूक गेली तर उद्या परत येते, जीव येत न्हाय." मी हे सगळं वहीत लिहिलं. बाबा मात्र अडून बसले होते. "बाबा, तुमचा अनुभव मला मान्य आहे," ते सासऱ्याला म्हणाले, "पण ही रंगाच्या डब्यातली आहे."

"मंग मीच खाईन," आजा म्हणाला. "तुमी उद्या बगा मना."

आईनं लसूण ठेचला, कांदा लाल केला, घरचा मसाला घातला, शेवटी ओलं खोबरं. अळंबीला पाणी सुटलं आणि घरात एक वास पसरला जो मी त्याआधी कधी घेतला नव्हता. मातीचा, पण मटणाच्या जवळ जाणारा. आजा एकटा जेवला. अडीच भाकऱ्या. आम्ही तिघं वरणभात घेऊन त्याच्याकडे बघत होतो. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, तो ठणठणीत, उलट डब्यातली पुढची अंडी कधी फुटणार म्हणून मला शाळेतून लवकर यायला सांगणारा. चौथ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खाल्ली. बाबांनी दोनदा घेतली आणि हात धुताना म्हणाले, "मला तसं वाटलंच होतं."

आता इथून पुढचं सांगताना मला आजही मान खाली घालावीशी वाटते. मी तेरा वर्षांची होते आणि तीन आठवड्यांत स्वतःला मोठी जाणकार समजायला लागले होते. शाळेत मी वर्गाला अळंबीचे प्रकार सांगितले होते. शमीमचाचीकडे वाटीभर कालवण दिलं होतं, आणि ती बोटं चाटत म्हणाली होती, "ए दर्शना, और निकले तो मेरे को भी देना." ती वाटी मी दिली होती, पण कौतुक आज्याचं झालं होतं. मला माझं हवं होतं.

शेडच्या मागे वेस्टचा मोठा ढीग होता, कित्येक महिन्यांचा, पावसात भिजून काळा पडलेला. एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी त्या ढिगाशी गेले आणि खजिना उघडल्यासारखं झालं. अंडी, उमललेल्या टोप्या, कडेला भिंतीच्या मातीत उभ्या असलेल्या उंच पांढुरक्या. मी ओढणीचा ओचा केला आणि भराभर भरत गेले. प्रत्येक अळंबी आज्याला दाखवायची, हा नियम होता. पण नियम कुंडीतल्यांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. चाचीच्या दारावरून जाताना निम्मी तिच्या परातीत ओतली.

"दादाजी ने देखा?" तिनं विचारलं.

"हां," मी म्हटलं. एवढा एकच शब्द. मला तो आजही जसाच्या तसा ऐकू येतो.

उरलेली घेऊन मी वर आले. आजा झोपला होता; तासाभरानं तो उठला तेव्हा मी ती ऐटीत त्याच्यापुढे पेपरावर पसरली. वाटलं, आता शाबासकी. तो एकेक उलटी करून बाजूला ठेवत गेला. ही बरी. ही बरी. मग त्याचा हात थांबला. एक उंच, पांढुरकी त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. टोपी पूर्ण उघडली होती, आणि खालच्या पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या. बुडाशी पिशवी मात्र होती, अगदी पेंढ्याच्या अळंबीसारखी.

"ही कुठशी आनलीस?"

मी सांगितलं.

"आजून आनलीस? का येवरीच?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "दर्शना, आजा काय विचारतोय?"

"निम्मी शमीमचाचीला दिली," मी म्हटलं.

आणि त्याच क्षणी लाइट गेली. फडताळातल्या वाट्या थांबल्या. शेजारच्या, पलीकडच्या, सगळ्या शेडमधले माग एकदम थांबले आणि अशी शांतता झाली की मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला. आईच्या चेहऱ्यावरून मला कळलं, ती काय विचार करते आहे. माग थांबले की लूमवाले जेवायला घरी जातात. चाचीचा नवरा आता, या मिनिटाला, शेडमधून निघाला असणार, आणि तिच्या चुलीवर काय शिजत होतं ते मला ठाऊक होतं.

मी पळाले. चपला घातल्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या वळणावर मागे आवाज आला, पाहिलं तर आजा कठडा धरून उतरत होता. दोन महिन्यांत उंबरा न ओलांडलेला माणूस दोन-दोन पायऱ्या घेत होता, धोतराचा सोगा दातांत धरून. "पुढं जा," तो दात न उघडता म्हणाला, "थांबू नको." मागे आई होती. गल्लीत लूमवाले कामगार बनियनवर बाहेर येऊन बिड्या पेटवत होते, आम्ही त्यांच्यामधून घुसलो. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ, क्या हुआ?" माझ्या पायाखालून वेस्टचा चिखल घसरला, मी गुडघ्यावर पडले, उठले.

चाचीच्या दाराला पडदा होता. मी तो ओढला. आत सगळे बसले होते. चाचा हात धुऊन आत्ताच टेकला होता, रोटी मोडून घास त्यानं रश्शात बुडवला होता. दोन्ही मुली आपापली ताटली धरून. मी फक्त चाचाचा हात धरला, घासासकट. तो चमकला, मग चिडला. "ये क्या है?"

आजा दारात पोचला. त्याला हिंदी येत नव्हती, गावात कधी लागलीच नव्हती. त्यानं पातेल्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "मत खा. जहर हाय." मग स्वतःच आत येऊन पातेलं उचललं, पोरींच्या ताटल्या उचलल्या, आणि सगळं बाहेरच्या गटारात ओतलं.

"कुनी खाल्ली?" त्यानं विचारलं. आईनं ते हिंदीत विचारलं. चाचानं नाही म्हणून मान हलवली, पोरींनीही. चाची पांढरी पडली होती. "मैंने," ती म्हणाली, "नमक चखा था. एक चम्मच."

बाबा शाळेतून येता येता आम्हाला गल्लीतच भेटले आणि तसेच चाचीला घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. ती पांढरी अळंबी आज्यानं कागदात बांधून बरोबर दिली. डॉक्टरांनी तिला उलटी करवली, औषध दिलं, आणि सांगितलं की अळंबीचं विष लगेच दिसत नाही, तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा, पोटात दुखलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर क्षणभर न थांबता ठाण्याला न्या. त्या संध्याकाळी मी चाचीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, आज्यानं पाहिलं नव्हतं, मी खोटं बोलले. वाटलं होतं ती मारेल. तिनं मुलीला मांडीवर घेतलं होतं. ती फक्त म्हणाली, "मुझे पता चल गया था, जब तेरे दादाजी भागते आए."

चाचा मात्र माझ्याशी बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं.

ते तीन दिवस आजा चाचीच्या दारात बसून होता. सकाळी चहा घेतला की जिना उतरायचा, तिच्या पायरीवर बसायचा आणि जेवायला आईनं हाक मारली की वर यायचा, पुन्हा खाली. तिला हिंदीत काही विचारता येत नव्हतं म्हणून तो पोटावर हात ठेवून भुवया उंचवायचा. ती मान हलवायची. धाकटी मुलगी त्याच्या तंबाखूच्या डबीशी खेळायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचीनं त्याच्यासाठी चहा केला, भरपूर दुधाचा, आणि तो त्यानं बशीत ओतून प्यायला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. ती अळंबी खरंच विषारी होती की नुसती दिसायला तशी, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा म्हणाले, ते कळायचा एकच मार्ग होता आणि तो आपण टाळला.

मला कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. आई दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलली. आजा तर त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि तेच जड जात होतं. मी कुंड्यांकडे जाणं सोडलं. रबराच्या डब्यात पुन्हा अंडी आली तेव्हा ती आईनं पाहिली. मी पाठ करून अभ्यास करत राहिले. आजा मात्र खाली जाणं विसरला नाही. चाचीची काळजी संपली तरी तो सकाळी उतरायचा, गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचा, लूमवाल्यांशी आपल्या बोलीत बोलायचा, ते त्यांच्या बोलीत उत्तर द्यायचे, आणि काय आश्चर्य, दोन्हीकडे हसू यायचं. त्यातले अर्धे गावाकडे शेती सोडून आलेले होते. भाताची लावणी हातवाऱ्यांनी सांगता येते, हे मी तिथंच पाहिलं. महिन्याभरात तो 'चल हट', 'कितना बजा' आणि 'पानी कम है' एवढी हिंदी शिकला, आणि ती तो बाबांवर वापरायचा. एकदा मामा त्याला न्यायला आला. आजा म्हणाला, "दिवालीला येईन, चार दिस." आणि पुढे दिवाळीला खरोखर चार दिवसच गेला.

पाऊस ओसरत आला होता. एका दुपारी दारात शमीमचाची उभी राहिली. हातात ताट, ताटात अळंबी. तिनंही तिच्या खोलीत एका फुटक्या बादलीत वेस्ट भिजवून ठेवला होता, आईचं बघून, वर मनीप्लांट लावलं होतं. "मेरे यहाँ भी निकला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा आनंद होता की मी वहीतून मान वर केली. ती आत येऊन आज्यापुढे जमिनीवर बसली आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. आज्यानं ते पाहिलंही नाही. त्यानं ताट माझ्यापुढे ढकललं.

"तू बग," तो म्हणाला.

मी चाचीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. मी वही बाजूला ठेवली. पाच होत्या. पहिली उलटी केली, गुलाबी. बुडाशी पिशवी. बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी, चौथी, तशाच. पाचवी नुकती उमलत होती, टोपीची कड अजून देठाला चिकटलेली. पट्ट्या फिकट होत्या. गुलाबी म्हटलं तर गुलाबी, पांढऱ्या म्हटलं तर पांढऱ्या. मी खिडकीशी नेली, पुन्हा आणली, डोळे बारीक केले. बहुतेक बरी होती. नव्वद टक्के बरी होती.

"ही मला ओळखता येत नाही," मी म्हटलं.

आज्यानं ती माझ्या हातातून घेतली. बराच वेळ पाहिली, वास घेतला, नखानं कड उचलली.

"मना पन न्हाय येत," तो म्हणाला, आणि ती खिडकीतून बाहेर टाकली. मग उरलेल्या चार ताटात ठेवून ताट चाचीच्या हातात दिलं, आणि ज्या दोन-चार हिंदी शब्दांवर त्याचं चालायचं ते जुळवत तिला म्हणाला, "ये पका. पोरीने देखा हाय."

चाची ताट घेऊन उठली. पदर डोक्यावर सारखा केला, आणि जिना उतरायला लागली.